भिंतींनी प्यायलेलं पाणी

डिचोलीत आमच्या शेजारी राहणाऱ्या काकांशी भांडून दाखवलेला माणूस अख्ख्या तालुक्यात सापडायचा नाही. लोकांनी प्रयत्न केले नाहीत असं नाही. पण समोरचा माणूसच दर वाक्याला "बरोबर आहे तुमचं" म्हणायला लागला, तर भांडण पेटणार कशावर? कोकणी की मराठी या वादानं सख्खे भाऊ बोलेनासे झाले होते, तेव्हा दोन्ही बाजूंचे लोक काकांकडे सह्या मागायला येत. काका दोघांनाही चहा आणि उंडो पाव देत, दोघांचंही बरोबर असल्याचं सांगत आणि सही कुणालाच देत नसत. "मी अलिबागकडचा बेने इस्राएल ज्यू," ते मला म्हणायचे, "माझी प्रार्थना हिब्रूत, शिव्या मराठीत आणि बाजार कोकणीत. मी कुठल्या मोर्चात जाऊ, बाबा?"

सुर्ल्याच्या खाणीवर ते मेकॅनिक होते. स्क्रूड्रायव्हरचं टोक डंपरच्या इंजिनाला लावून मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटून ऐकायचं, ही त्यांची पद्धत. हळूहळू माणसांकडेही ते तशीच मान तिरकी करून ऐकू लागले. माझ्या आईला एकदा म्हणाले, "वहिनी, हा खोकला दुसऱ्या सिलिंडरमधला आहे. अंगावर काढू नका." शनिवारी मात्र ते बोटसुद्धा हलवत नसत. त्यांच्या धर्मात त्या दिवशी काम नाही, विजेचं बटण दाबणं नाही आणि दुसऱ्याला सांगून दाबून घेणंही नाही. मग कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते पडवीत बसत आणि आभाळाकडे बघत म्हणत, "आज वारा अगदीच पडलाय." आई हातातलं काम टाकून जाई, त्यांचा पंखा लावी आणि परत येताना पुटपुटे, "वाऱ्याक आनी माका दोगांकय कामाक लायता हो मनीस!" पुढच्या शनिवारी वारा पडायच्या आतच ती जाऊन पंखा लावून यायची.

मी मुळात कमी बोलणारा. जे बोलायला हवं होतं तेही पुष्कळदा पोटातच ठेवलं, आणि त्याचं ओझं वाहत इथवर आलो. त्यातलं एक आज पन्नाशी उलटल्यावर उतरवतो आहे.

काकांच्या मुलीचं लग्न ठाण्याच्या मुलाशी ठरलं. काकूंची कंबर पार गेलेली. त्या खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीतून खाटेवर, एवढाच त्यांचा प्रवास. लग्न ठाण्याला झालं तर त्यांना मुलीचं लग्न दिसणार नव्हतं. मुलाकडचे भले होते. म्हणाले, लग्न गोव्यात करू, पण लग्नाआधीचं नवरीचं स्नान रीतीप्रमाणे झालं पाहिजे. गोव्यात त्यांच्या लोकांची घरं तीन-चार, तीही मुरगावपासून पणजीपर्यंत विखुरलेली. स्नानाचं टाकं, ज्याला ते मिकवे म्हणतात, असणार कुठलं? समुद्र चालतो, असं कुणीतरी सुचवलं. काका म्हणाले, "बरोबर आहे तुमचं," आणि दुसऱ्या दिवशी परसात खड्डा खणायला लागले. खणता खणता मला हळूच म्हणाले, "पर्यटकांच्या मेळ्यात काय माझी पोर बुडी मारणार?"

टाक्याचा नियम असा: त्यात आभाळाचं पाणी आपल्या पायानं आलं पाहिजे. कंबरेएवढं पाणी साठेपर्यंत हंड्या-कळशीचं पाणी आत पडता कामा नये. पडलं तर सगळं बाद. गडहिंग्लजचा गवंडी नव्या गिलाव्यावर पाणी मारायला लागला की काका त्याच्या बादलीभोवती घिरट्या घालत. "ओ काका, पाणी न्हाई मारलं तर तडं जात्यात!" तो ओरडे. "बरोबर आहे तुझं," काका म्हणत, त्याला पाणी मारू देत, आणि तो गेला की काकूंच्या जुन्या लुगड्यांनी टाकं देव्हाऱ्यासारखं कोरडं करत बसत. धातूतून आलेलं पाणी चालत नाही, म्हणून पत्र्याची पन्हळ काढून त्यांनी कौलांवरचं पाणी सिमेंटच्या पाटातून थेट आत सोडलं होतं. गणपतीची चवथ उलटून गेलेली. परतीच्या पावसाच्या दोन जोरदार सरी झाल्या आणि टाक्यात गुडघाभर पाणी आलं. काका काठावर उकिडवे बसून त्या पाण्याकडे नातवाकडे बघावं तसे बघत.

आणि एका सकाळी आई न्हाऊन, नवं लुगडं नेसून, विहिरीची भरलेली कळशी कंबरेवर घेऊन आली. नवं पाणी घरात आलं की त्याला हळदकुंकू वाहायचं, आपल्या विहिरीची कळशी त्यात ओतायची, ही आमच्याकडची रीत. मी "आई!" म्हणून धावलो, तोवर कळशी उपडी झाली होती. "पयलें पाणी म्हज्या हातचें हां, भावजी!" ती आनंदानं म्हणाली. काका दारातच उभे होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला; पण हात जोडून म्हणाले, "वा वहिनी! आता माझ्या पोरीला काय कमी?"

आई शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला गेली, तेव्हा आम्ही दोघांनी टाकं उपसलं. शेवटचा थेंब काकांनी लुगड्यानं टिपून घेतला. संध्याकाळी आईनं कोरडं टाकं पाहून विचारलं, "म्हजें पाणी खंय गेलें?"

"भिंतींनी प्यायलं, वहिनी," काका म्हणाले. "नव्या भिंती तहानलेल्या असतात. आता पक्क्या झाल्या."

गवंड्याला मात्र ते लागलं. "माझं काम गळतंय व्हय?" काकांनी त्याला बाजूला नेऊन खरं सांगितलं. तो डोकं खाजवत परत आला आणि आईला म्हणाला, "व्हय मावशी, थोडं प्यालं बगा."

पाऊस त्यानंतर फिरकलाच नाही. काकांनी बूथवरून मुंबईच्या एका धर्मशास्त्राच्या जाणकारांना फोन लावला आणि बाहेर येऊन पायरीवर बसून हसत सुटले. "बर्फ चालतो!" म्हणाले. "वाहून आणलेलं पाणी नको, पण वाहून आणलेला बर्फ चालतो. देवाची मासेवाल्यांशी ओळख असणार!" शापोऱ्याहून मासळीच्या बर्फाचा टेम्पो आला, तेव्हा वासावरून वाड्यातल्या सगळ्या बायका पातेली घेऊन धावल्या आणि काकांच्या नावानं बोटं मोडत परत गेल्या. लाद्या वितळायच्या आत खांद्यावरून पळवायचं काम गवंड्यानं केलं. पाण्यानं धुतल्या तर टाकं पुन्हा बाद, म्हणून काका प्रत्येक लादी पुसत होते आणि स्क्रूड्रायव्हरनं एकेक खवला काढत होते.

स्नानाच्या दिवशी काकूंना खुर्चीसकट काठाशी नेलं. त्यांना धरायला आई आत होती. आम्ही पुरुष फाटकापाशी. पहिल्या बुडीला आतून पोरीची किंकाळी आली. मग दुसरी. तिसरीच्या पाठोपाठ काकूंचं हसू ऐकू आलं. इतकं मोकळं हसू मी त्या घरातून कधी ऐकलं नव्हतं. काकांनी माझ्याकडे पाठ केली आणि फाटकाची कडी उगाचच काढली, घातली, काढली.

ज्यूंच्या टाक्याच्या भिंती आपल्या पाण्यानं पक्क्या झाल्या, हे आई पुढं आयुष्यभर येईल-जाईल त्याला सांगत राहिली. मी दर वेळी मान डोलवत होतो आणि दर वेळी आत काहीतरी टोचत होतं. काकू गेल्या, काका मुलीकडे ठाण्याला गेले. आई गेली तेव्हा बाराव्याला ते काठी टेकत आले. पंगत उठल्यावर मी विचारलं, "काका, आता तरी खरं सांगून टाकू का लोकांना?"

ते उठून शेजारी आपल्या जुन्या परसातल्या त्या कोरड्या टाक्यापाशी गेले. मग आत उतरले, भिंतीला तळहात लावला आणि मान तिरकी करून कान टेकवला.

"वहिनींचं पाणी अजून आत आहे. ये, तूही ऐक," म्हणाले.

मी कान लावला. सिमेंट गार होतं.