अक्षता मीच वाटल्या

रेणुका, वय एकवीस, आमच्या गावची मुलगी. लातूरला नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन सुट्टीला घरी आलेली. तिच्यावर अन्याय झाला तो या मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी, दुपारी पावणेदोन वाजता, शाळेपुढच्या मांडवात, सगळ्या गावादेखत. कुणी तिला मारलं नाही. कुणी आवाजसुद्धा चढवला नाही. जेवणं फार छान झाली. हे मी आधीच लिहून टाकते, कारण पुढं मला घराबद्दल लिहायचंय, आणि घराबद्दल लिहायला बसलं की आपण मऊ पडतो.

तीन वर्षांपूर्वी मी आणि रेणुकानं एकाच सकाळी, एकाच एसटीनं घर सोडलं. अर्धापूरजवळच्या आमच्या गावातून दोघींच्या आया नांदेडच्या स्टँडपर्यंत सोडायला आल्या होत्या. रेणुकाच्या मायनं दोघींत मिळून धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. माझी माय खिडकीखाली उभी राहून एकच गोष्ट घोकत होती, "पोचल्यावर फोन कर, आन कुणाच्या मधात बोलू नको." फोन मी केला. दुसरं काही जमलं नाही.

अहमदपूर गेल्यावर रेणुका बोलायची थांबली. लातूरला तिनं डिक्कीतून तिची निळी लोखंडी पेटी स्वतः ओढून काढली. मागं वळून म्हणाली, "ज्योते, रडायचं आसंल तर गाडी सुटल्यावर रड." मी तसंच केलं. पुण्यापर्यंतचे उरलेले धपाटे मी एकटीनं खाल्ले.

पुण्यात मी दुसरी कुणीतरी झाले. मेसची पातळ भाजी, सबमिशन, डेडलाइन, हॉस्टेलच्या वॉर्डनशी भांडणं. पहिल्या महिन्यात वर्गात "मी असाइनमेंट करून राहिले" म्हणाले तर दोघी-तिघी हसल्या. मी "करतेय" म्हणायला शिकले. मग कँपसवरच्या एका गटात गेले आणि पत्रकं लिहायला लागले. पत्रकाचं एक बरं असतं. लहान वाक्यं, मोठा मथळा, खाली मागणी. वाचणाऱ्याला शंका येण्याआधी कागद संपतो. माझी पत्रकं चालायची. मला वाटायचं, मला लोक समजतात.

आणि दर उन्हाळ्यात मी घरी यायचे. सुट्टी म्हणजे काय, तर सकाळी उशिरा उठायचं, मायच्या शिव्या खायच्या, आणि ऊन कलल्यावर रेणुकाच्या ओट्यावर जायचं. तिथं रांग असायची. तिनं बीपीचं मशीन आणलं होतं. अख्खी गल्ली दंड पुढं करून बसायची. माझ्या वडिलांना, अण्णांना, ती दटावून सांगायची, "अण्णा, लोणचं बंद. पुढल्या टायमाला आकडा वाढला तर मीच येऊन बरणी फोडते." अण्णा मान डोलवायचे आणि घरी येऊन लोणचं मागायचे. घरात त्यांना कुणी असं बोललं असतं तर ताट सरकवून उठले असते. रेणुकाचं चालायचं. ती गावाची नर्स होऊन बसली होती, फक्त एक वर्ष उरलं होतं.

मागच्या सुट्टीत मी गावाकडं रिकाम्या हातानं आले नाही, पत्रक घेऊन आले. आमच्याकडं लग्नाच्या खर्चात माणसं खंगतात हे मला दिसत होतं. साखरपुड्याचा मांडव वेगळा, लग्नाचा वेगळा, दोनदा आहेर, दोनदा पंगती. पण एक चांगली रीतही पडून राहिली होती, साखरपुड्यातच लग्न उरकायची. जमलेल्या पाहुण्यांत कुणीतरी वडीलधारा उठतो, म्हणतो, "सगळे आलेतच, तर आजच तांदूळ टाका," आणि त्याच मांडवात लग्न लागतं. लोक कौतुक करतात. मीही केलं. हॉस्टेलच्या खोलीत बसून लिहिलं, "दोन मांडव कशाला? एकाच मांडवात उरकू या!" नांदेडला छापून घेतलं. अर्धापूरच्या बाजारात वाटलं, पारावर वाटलं, रेणुकाच्या ओट्यावर बीपीच्या रांगेतही वाटलं. रेणुकाच्या मामांनी कागद वाचला, घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवला. "लई झ्याक लिहिलंस पोरी," म्हणाले. मला बरं वाटलं. काय सांगू, खूप बरं वाटलं.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी रेणुकाची सोयरीक जमली. मुलगा धर्माबादचा, सुनील नावाचा, घरच्या आडत दुकानावर बसणारा, शांत. बैठक आमच्याच अंगणात झाली, कारण तिचे वडील नाहीत आणि आमचं अंगण मोठं. मी तेव्हा पुण्यात होते, पण सगळं अण्णांनी फोनवर सांगितलं. रेणुकानं मामाच्या तोंडून एकच अट घातली होती, चौथं वर्ष पूर्ण झाल्यावर लग्न. आधी नाही. मुलाच्या काकांनी सर्वांसमोर सांगितलं, "मंजूर. शब्द दिला." सुपारी फुटली. अण्णांसकट आठ माणसं त्या सतरंजीवर बसली होती. त्या रात्री रेणुकानं मला फोन केला आणि पहिल्यांदाच नवऱ्या मुलाबद्दल चिडवू दिलं.

मग तो रविवार. साखरपुड्याचा. मांडवात पंखे फिरत होते, पोरं सरबताच्या पिंपाभोवती, बायका एकमेकींच्या साड्यांचे पदर चाचपून बघत. रेणुकाला कुंकू लावलं, ओटी भरली, अंगठ्या झाल्या. तिला आत शाळेच्या खोलीत नेलं. तेवढ्यात मुलाच्या काकांनी माईक घेतला. "मंडळी, सोयरे-धायरे सगळे हायेत. ऊन तर हे असं. पुन्हा कोण येतंय? आजच उरकून टाकू, काय म्हणता?"

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. खरं सांगते, त्या क्षणी कुणीही "शब्दाचं काय?" म्हणालं असतं तर पुरे होतं. आठातले सहा जण मांडवात होते. पण मामा उठले, माईकपाशी गेले आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला. माझा कागद. पूर्ण वाचला. शेवटी मान वर करून म्हणाले, "ही आपली ज्योती. पुण्याला शिकते. तिनंच लिहिलंय हे. शिकलेली लेकरं सांगतात तर आपण कामून ऐकू न्हाई?"

टाळ्या वाजल्या. सगळ्या मांडवानं माझ्याकडं वळून टाळ्या वाजवल्या. आणि मी हसले. हे मी लपवणार नाही. मी उभी राहून हात जोडले.

दोन पोरं मोटरसायकलवर नांदेडला मंगळसूत्र आणायला पळाली. कुणीतरी घरातून ज्वारी आणली, कुंकवात घोळली, अक्षता झाल्या. रेणुकाच्या मायनं परात माझ्या हातात दिली. "घे गं, तूच वाट. तुझ्यामुळंच होऊन राहिलंय." मी वाटत गेले. ओंजळीओंजळीत. लाल झालेल्या बोटांनी शाळेच्या खोलीत शिरले, तर रेणुका बाकावर बसली होती. चार बायका तिला हळद लावत होत्या. साडी तीच, साखरपुड्याची.

मी तिच्या कानाशी वाकून विचारलं, "तुला विचारलं का गं यांनी?"

तिनं माझ्याकडं बघितलं. रडत नव्हती. म्हणाली, "तुझ्या कागदात विचारायचं लिहिलं व्हतं का?"

नव्हतं. मी आजही तो कागद काढून बघते. मांडव आहे, पंगत आहे, आहेर आहे, मथळ्याला उद्गारचिन्ह आहे. मुलगी नाही. पत्रकभर कुठंही मुलगी नाही.

मी बाहेर पळाले. मामांना गाठलं. "मामा, तिला विचारा तरी." मामा हसले, "आता येळ हाय का पोरी? भटजी बसलेत." मग मी मुलाच्या काकांना म्हणाले, "काका, तुम्ही शब्द दिला होता." ते रागावलेही नाहीत. "आगं, शब्द लग्नाचा व्हता. लग्न तर होऊनच राहिलंय." पाठीमागच्या बायका खुदकन हसल्या. एकजण म्हणाली, "लिहिणारीच आता आडवी येऊन राहिली." पावणेदोन वाजता अक्षता पडल्या. माझ्या हातची परात तेव्हा रिकामी होती.

पाठवणीच्या वेळी मी काकांना पुन्हा विचारलं, कॉलेज? "पाहू की," ते म्हणाले. "घरची सून हॉस्टेलला ठेवतात व्हय? इथंच पाहील बीपी." लोक हसले. सुनील हसला नाही, पण बोललाही नाही. त्यालाही कुणी विचारलं नव्हतं. फरक एवढाच, की त्याला उद्या सकाळी उठून त्याच दुकानावर बसायचं होतं.

मी घरी आले. मायला म्हणाले, हा गुन्हा आहे, हा धडधडीत विश्वासघात आहे. माय भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "मी तुझ्या अण्णाचं तोंड तांदूळ पडल्यावर पाहिलं. तवा तुझा कागद न्हवता, तरी झालंच की. तू काय नवीन केलंस? छापून दिलंस तेवढं." मग तव्यावर भाकरी टाकून हळूच म्हणाली, "पर तिला एक वरीस द्याया पाहिजे व्हतं. लई हुशार हाय ती."

अण्णांनी त्या दिवशी लोणचं मागितलं नाही. मी विचारलं, "अण्णा, तुम्ही सतरंजीवर होता. मांडवातही होता. का नाही बोललात?" ते पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागले. म्हणाले, "सगळे टाळ्या वाजवून राहिले व्हते." मग म्हणाले, "आन कागद तुझा व्हता. मला वाटलं, तुला माहीत आसंल."

असं आहे सगळं. मला वाटलं त्यांना माहीत असेल. त्यांना वाटलं मला माहीत असेल. मधे रेणुका हळद लावून बसली होती.

आठ दिवसांनी तिचा फोन आला, मोरीतून, नळ सोडून. "ज्योते, भाषण देऊ नको, ऐक. मला नवरा सोडायचा न्हाई. मानूस वाईट न्हाई. मला चौथं वरीस पाहिजे. माझी पेटी लातूरला रूमवर हाय, तेवढं बघ." फोन बंद.

मी लातूरला गेले. त्याच स्टँडवर उतरले, या वेळी एकटी. गल्लीत क्लासला निघालेली पोरं, सगळ्यांच्या पाठीवर सारख्या सॅक. घरमालकीण काकूंनी खोली उघडून दिली. तीन खाटा. मधल्या खाटेखाली निळी पेटी. खिळ्याला इस्त्रीचा पांढरा ॲप्रन, खिशात पेनाचं टोपण. भिंतीवर तिनं चौथ्या वर्षाचे विषय लिहून चिकटवले होते, पहिल्या विषयापुढं बारीक अक्षरात "हा आधी". काकू म्हणाल्या, "कॉलेज उघडायच्या आदल्या दिवसापर्यंत खाट ठेवते बाई. लई गोड पोरगी. पर पुढं दुसरी येऊन राहिली, मी तरी काय करू?"

मी पेटी उचलली नाही. उचलली असती तर ती येणार नाही हे मीच ठरवल्यासारखं झालं असतं. पुन्हा एकदा, तिला न विचारता.

पुण्यात कुणी विचारलं, घर कुठं, की मी थाटात सांगायचे, केळीच्या बागा, धपाटे, माझी माणसं. ते सगळं अजून तिथंच आहे. पण आता घर म्हटलं की मला अंगणातली ती सतरंजी दिसते, जिच्यावर आठ माणसांनी एका मुलीला शब्द दिला. तो शब्द पाळला तर ते घर. नाही तर मी सुट्टीला फक्त एका गावात येते.

घरी आल्यावर अण्णांना ॲप्रनचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी स्वतः उठून सतरंजीवरच्या बाकीच्यांकडं जाऊन आले. चार जण धर्माबादला यायला हो म्हणाले. मामा अजून "पाहू" म्हणतात. आणि मी रेणुकाला विचारलं. या वेळी आधी विचारलं, आम्ही आलो तर चालेल का? तिनं एका शब्दाचा मेसेज केला. "या."

म्हणून हे पत्रक. मथळ्याला उद्गारचिन्ह नाही.

त्या रविवारी मांडवात होता त्या सगळ्यांनो, माझ्या हातून लाल ज्वारी घेतलीत त्या सगळ्यांनो, शिकायला, नोकरीला बाहेर गेलात आणि सुट्टीला परत आलात त्या माझ्या मैत्रिणींनो: येत्या सोमवारी सकाळी नांदेड स्टेशनावर या. धर्माबादची गाडी धरायची आहे. भांडायला नाही जायचं. काकांच्या ओट्यावर बसायचं, पाणी प्यायचं आणि अण्णा विचारतील तेव्हा मान हलवून एवढंच म्हणायचं, "हाव, शब्द दिला व्हता. आम्ही ऐकलाय." मामा, तुम्हीही या. तो कागद खिशात असेल तर आणा. मागच्या कोऱ्या बाजूवर "रेणुकाला विचारलं" एवढं माझ्या हातानं लिहायचं राहिलंय.

टाळ्या वाजवायला सगळे आला होतात. आता साक्षीला या.