तुटक भोंगा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आणि मी कोण? – तर लग्नात नवरदेवापेक्षा ज्याच्याभोवती जास्त गर्दी जमते, तो! पंचक्रोशीतल्या सगळ्यांच्या नकला करतो. फक्त ही एक गोष्ट तेवढी – तुम्हीच ऐका.

दुष्काळ होता. ऊसच नाही, म्हणून आमचा सहकारी साखर कारखाना बंद, बॉयलर थंड. वाफेवरचा भोंगा मुका झाला, तेव्हा गेटवर हाताने फिरवायचा भोंगा बसवला. सलग वाजला तर चाचणी. तुटक वाजला तर आग – घरटी एक घागर घेऊन धावायचं. त्या साली घागरभर पाणी म्हणजे काय, सांगू?

राखणीला एकटा महादू. माझा जिवलग.

त्या दुपारी चहाच्या हॉटेलात मी चेअरमनची नक्कल करत होतो. बाकं भरलेली, हशा टिपेला – आणि भोंगा वाजला. तुटक. दोघं-तिघं उठलेच. माझी गोष्ट अर्धी!

"बसा बे," मी म्हणालो, "ऊस न्हाई म्हणून महादू भोंग्याचाच रस काढायलाय!"

काय हसले! बसले. घागर वाचली, हेही मनात असेल. पण त्यांची पाठ रस्त्याकडे होती. आणि माझं तोंड? – कारखान्याकडे. चिपाडाच्या ढिगावरचा धूर मला दिसत होता. होय, दिसत होता. मी चेअरमनचा आवाज आणखी चढवला.

भोंग्याच्या मधली शांतता लांबत गेली. फिरवायचा की आग विझवायची – एकटा माणूस काय काय करील? मग भोंगा थांबलाच. माझी गोष्ट मात्र पूर्ण झाली.

महादू वाचला. भाजलेली बोटं एकमेकांना चिकटली ती कायमची. दवाखान्यातून आल्यावर त्याने हॉटेलात सगळ्यांसमोर मला विचारलं, "भाऊ, त्या दिशी तुमी कुठं व्हते?"

"तलवाड्याला गेलतो."

बाकावरच्यांनी माना खाली घातल्या. त्यांना आजही वाटतं, भोंगा उगाच वाजतोय असं समजून मीही त्यांच्यासारखाच फसलो. माझ्याभोवती जमणाऱ्या गर्दीत माझ्याइतकं एकटं कुणी नसतं – पण ते असो.

महादू अजूनही पहिल्या बाकावर बसतो. चेअरमनची नक्कल त्याला लई आवडते. रंगात आला की टाळीसाठी हात पुढे करतो. मी देतो टाळी.

आवाज होत नाही.