वायरलेस गिअर आणि अण्णांची क्लच वायर

मंडळी, कालच माउंटन बाईकला वायरलेस गिअर बसवले. आज मिरवत वेल्ह्याकडे निघाले आणि कामथडीजवळ सायकलसकट आडवी झाले!

उठून पाहते तर चेन सारखी उडतेय. अर्धा तास रस्त्याकडेला बसून मोबाईलच्या ॲपमध्ये सेटिंग बदलत राहिले. काही उपयोग नाही.

समोरच्या पंक्चरच्या दुकानातले अण्णा मोटारसायकलची क्लच वायर घेऊनच आले. "ताई, गिअरची वायर पडली व्हय कुठं? ही बसवून देतो."

मी बटण दाबलं. वायर नसताना गिअर बदलला. अण्णा चक्क खाली बसले. "आरं तिच्या! परत दाबा बरं." पाच वेळा दाबायला लावलं.

मग एक डोळा मिटून मागून बघत म्हणाले, "गिअर झ्याक हाय. ज्या पट्टीला अडकवलाय ती वाकलीय. मोबाईलला कसं दिसंल?" पान्ह्यानं अलगद सरळ केली. पुढच्या अख्ख्या चढावर चेन एकदाही उडाली नाही.

निघताना ती वायर त्यांनी माझ्या पिशवीत कोंबली. "राहू द्या. हिला चार्जिंग लागत न्हाई."

माझ्या सायकलला ती कुठंच बसत नाही. तरी पुढच्या राईडच्या पिशवीत पहिली तीच भरलीय. तुमच्याकडे आहे अशी एखादी बिनकामाची, पण न टाकवणारी वस्तू?