सशांचा कारखाना

आमच्या घरमालकांइतक्या मोठ्या आवाजात गुपित सांगणारा माणूस अख्ख्या सोलापुरात दुसरा नसेल. "मॅडम, कुणाला सांगू नका," अशी ते सुरुवात करत आणि रस्त्यावरचा भाजीवाला गाडा थांबवून "न्हाय सांगत काका" अशी हमी देत असे. यात त्यांचा दोष नव्हता. उभा जन्म यंत्रमागांवर जॉबर म्हणून गेलेला, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करायचा, तोही शेजारचे माग खडखडत असताना. तिथे शब्द समोरच्याच्या कानात ठोकूनच बसवावा लागतो. ऐकू कमी येतं हे मात्र त्यांना कबूल नव्हतं. त्यांच्या मते हल्लीचं जगच तोंडातल्या तोंडात बोलायला लागलं होतं. एसटीचा हॉर्न असो, कुकरची शिट्टी असो की माझी हाक असो, सगळ्यांबद्दल त्यांची एकच तक्रार होती, "जरा नीट बोला की!"

त्यांचे स्वतःचे चार माग घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होते. आमच्याकडे अशा शेडलाही कारखानाच म्हणतात. शाळेत नेमणूक होऊन मी त्यांच्या पुढच्या दोन खोल्यांत राहायला आले, त्याच वर्षी ते माग भंगारात गेले. मालक चार दिवस जेवले नाहीत आणि पाचव्या दिवशी दुप्पट जेवले. त्यांच्या बायकोचं, म्हणजे काकूंचं, तसं झालं नाही. लग्न होऊन आल्या दिवसापासून काकू त्या खडखडाटात जेवल्या होत्या, झोपल्या होत्या, भांडल्या होत्या. "माग होते तवर घर बोलत होतं बघा मॅडम," त्या मला म्हणाल्या, "आता दुपारी पडलं की माझाच श्वास मला ऐकू येतो. मी आपली पुण्याला लेकीकडं जाऊन राहते." आणि त्यांनी खरोखरच माळ्यावरची बॅग काढून झटकली. पुण्यात मालक दोन दिवसांवर राहू शकत नसत. तिसऱ्या दिवशी तिथलं पाणी त्यांना बाधायचं, हवा बाधायची, आणि काहीच बाधलं नाही तर जावई बाधायचा. काकू गेल्या असत्या तर हा माणूस सोलापुरात एकटा ओरडत राहिला असता.

तेव्हा त्यांनी मला एक गुपित सांगितलं. घर पुन्हा वाजतं-गाजतं करायचं, म्हणजे काकू कुठं जायच्या नाहीत. "त्यासाठी ससे आणतोय मॅडम!"

ससा नावाच्या प्राण्याचा आवाज ऐकलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. पण मालकांनी अक्कलकोटकडच्या एका मित्राच्या शेतावर ससे पाहिले होते. ते पळत होते, उड्या मारत होते, तोंड तर एक क्षण थांबत नव्हतं. एवढी धावपळ म्हणजे कलकलाट असणारच, हा सरळ हिशेब. तो कलकलाट आपल्याला ऐकू आला नाही याचं त्यांना काहीच वाटलं नाही, कारण त्यांना कोणाचाच ऐकू येत नसे. मला तोंडावर सांगवेना. भाजीवाल्यालाही सांगवलं नाही.

दोन पांढरेशुभ्र ससे आले. एकाचं नाव धोटा, कारण तो मागावरच्या धोट्यासारखा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुटायचा, आणि सूत भरलेल्या कांडीसारखी गुबगुबीत होती ती कांडी. सशांचं घर उभं राहीपर्यंत त्यांचा मुक्काम न्हाणीघरात होता. त्या दिवसांत आम्ही तिघंही सशांच्या सवडीने अंघोळी करत होतो. कारखान्यात मालकांनी मागांचे उरलेले लोखंडी पाय रोवले, त्यावर सागवानी चौकट चढवली, जाळी ताणली. सशांचं खुराडं म्हणून सांगितलं तर कुणाला पटलं नसतं, इतकं ते दणकट होतं. त्यात गाढवसुद्धा सुखाने राहिलं असतं. दिवसभर ठाकठूक, ठाकठूक. मी शाळेतून आले की डोकं धरून बसायची. काकू मात्र जेवण आवरून आडव्या व्हायच्या आणि गाढ झोपायच्या.

एक दिवस शाळेतून येते तो मालक स्वतःच खुराड्यात मांडी घालून बसलेले, हातात हातोडी. हवा कशी येते हे आत बसल्याशिवाय कळणार कसं, म्हणून शिरले होते, आणि दार मागे लागून बाहेरची कडी पडली होती. सकाळी दहापासून ते ओरडत होते. पण ते रोजच ओरडत असल्यामुळे काकूंना काय, गल्लीतल्या एकालाही काही वावगं वाटलं नव्हतं. भाजीवाला म्हणे दोनदा "व्हय काका" म्हणून पुढं गेला होता. मी कडी काढली. माझ्याकडे बघून ते प्रसन्नपणे म्हणाले, "हवा लई झकास येती मॅडम, पण कडी आतून पण पायजे."

सशांना आतून कडी लावून दिली, ती आजही आहे.

मग ससे आत राहायला गेले आणि उन्हाळा तापला. सोलापूरचा उन्हाळा माणसाला सोसत नाही तिथं सशाची काय कथा! पण जॉबर माणसाला ओल राखायला शिकवावं लागत नाही. मागावर हवा कोरडी झाली की सूत तुटतं, मग जमिनीवर पाणी मारायचं, ही त्यांची जन्माची विद्या. त्यांनी खुराड्यात आडवं एक सूत ताणून बांधलं. सूत तुटलं की पाणी मारायचं. पहिल्या दिवशी ते अकरा वेळा तुटलं. मालक हवालदिल झाले, "असली कोरडी हवा जन्मात बघितली न्हाय!" म्हणत बादल्या ओतत राहिले. भिजून चिंब झालेला धोटा कोपऱ्यात शिंकत होता आणि कांडी शांतपणे बाराव्या सुताचं टोक चघळत होती. ते मी मालकांना दाखवलं. "हिला उपाशी ठेवलंय का मी?" ते एवढंच म्हणाले, आणि सूत जाळीच्या बाहेर बांधलं.

अखेर खुराडं पुरं झालं. रंग लागला, छतावर ओली चादर चढली. मालकांनी काकूंना आणि मला समोर बसवलं. आत दोन्ही ससे लसूणघास खात होते. पान हललं तरी ऐकू आलं असतं, इतकी शांतता होती. "काय, आहे का न्हाय कलकलाट?" मालक गरजले. मी जमिनीकडे बघितलं. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं, त्यांच्या हातावरचे रंगाचे डाग बघितले आणि मोठ्यांदा म्हणाल्या, "आहे की! कान किटले माझे."

मालक लहान पोरासारखे हसले. पण काम संपलं होतं. हातोडी खुंटीला लागली, आणि त्या दुपारी काकूंना झोप आली नाही. दुसऱ्या दुपारीही नाही. त्यांनी लेकीला फोन केला. रविवारी लेक न्यायला येणार असं ठरलं. मालकांनी खुंटीवरची हातोडी काढली, पुसली आणि परत खुंटीला लावली.

रविवारी सकाळी मी ओला घास टाकायला मागे गेले, तर काकू खुराड्यासमोर उकिडव्या बसलेल्या, हातात मालकांचा पाना. दाराच्या बिजागरीचा नट त्या सावकाश सैल करत होत्या. मला बघून दचकल्या नाहीत. "बसा मॅडम," म्हणाल्या, "हे एवढं राहिलंय." लेक आली तेव्हा काकूंनी तिला दार हलवून दाखवलं. "बघ, कसं वाकडं बसतंय. एवढं दुरुस्त होऊ दे, मग येते." मालकांनी खुंटीवरची हातोडी घेतली. ठाकठूक सुरू झाली. लेक जेवून एकटीच परत गेली, आणि दुपारी काकू घोरत होत्या.

याला आता बरेच दिवस झाले. माझी बदली बार्शीला झाली. इथलं घर चांगलं आहे, शांत आहे, आणि दुपारी मला झोप येत नाही. परवा फोन केला तर मागे ठाकठूक चालूच होती. काकू म्हणाल्या, आता कौलाची बाजू खचलीय. त्या खुराड्याला कौल नव्हतंच कधी. बहुतेक आता कौलंही आली असतील.

एक गोष्ट मात्र माझ्या मनात राहून गेली आहे. चाळीस वर्षं नट आवळलेल्या माणसाला सैल झालेला नट आणि सैल केलेला नट यातला फरक कळला नसेल? मी कित्येकदा विचारणार होते. पण मालकांनी त्याचं उत्तरही ओरडूनच दिलं असतं आणि आत काकूंनी ते ऐकलं असतं, म्हणून विचारलं नाही.