पर्लकोटेच्या काठावरची एक कैरी

पर्लकोटा नदी एकदा बघायचीच, असं मी मार्चमध्येच ठरवलं. उत्तरेच्या डोंगरांतून उतरते, भामरागडला खेटून वाहते आणि तिथेच पुढे इंद्रावतीला मिळते. पावसाळ्यात जाऊ नका, पुलावरून पाणी गेलं की बसा अडकून. एप्रिल बरा, फक्त ऊन भाजून काढतं.

आलापल्लीपर्यंत एसटीने निवांत जाता येतं. पुढचा रस्ता हाडं खिळखिळी करतो, तेव्हा पोटात थोडंच ठेवा. भामरागडच्या चौकात वरण-भात स्वस्तात मिळतो. माझा मुक्काम नदीच्या वरच्या अंगाला, मैत्रिणीच्या ओळखीच्या चिन्नीबाईंकडे होता. माडिया कुटुंब, सारवलेलं अंगण, घरात पोटुशी सून रैनी.

सकाळी रैनी मला नदीवर घेऊन गेली. गुडघाभर नितळ पाणी, आणि काठच्या झाडाला कैऱ्याच कैऱ्या. आता मी पडले सातारची, तिखट-मिठाची पुडी पर्समध्ये कायम. त्यात समोर गरोदर बाई. डोहाळे पुरवायचं पुण्य कोण सोडतं? फांदी ओढून कैरी तोडली, दगडावर फोडली, तिखट-मीठ लावून तिच्यापुढे धरली. ती "नको" म्हणाली. मला वाटलं, लाजतेय. "अगं खा, कोण बघतंय इथे!" म्हणून मीच आग्रह केला. तिनं खाल्ली.

घरी येऊन हे मी कौतुकाने सांगितलं. चिन्नीबाई तांदूळ पाखडायच्या थांबल्या.

"आंब्याचा सण, पंडुम, झाला नाई अजून, बाई. गावानं देवाले आंबा दिल्याबिगर आमी तोंडाले लावत नाई."

"मला माहीत नव्हतं हो."

"तुमाले नव्हतं. हिले तं होतं ना. आता बाळंतपणात काई झालं, तं गाव हिलेच बोलन."

रैनी भिंतीकडे तोंड करून रडत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी गावचा भूमिया, म्हणजे देवाची रीत सांभाळणारा म्हातारा, अंगणात आला. मोडलेली फांदी कुणीतरी पाहिली होती.

"कोनं तोडला आंबा?"

मी तोंड उघडलं नाही. परकं गाव, सकाळी परतीची बस, नसती भानगड नको, हेच मनात आलं.

"म्याच तोडला, म्याच खाल्ला," चिन्नीबाई म्हणाल्या.

"मंग यंदा पंडुमाले तू पूजेच्या बाहेर बसशीन," एवढं बोलून तो गेला. मी लगेच म्हणाले, "थांबा, जाऊन खरं सांगते त्यांना."

"नोका. खरं सांगसान तं रैनीचं नाव निघन."

त्या रात्रीही त्यांनी मला आधी वाढलं.

परवा त्यांचा फोन आला. रैनीला मुलगी झाली, दोघी ठणठणीत आहेत. मी भीत भीत पंडुमाचं विचारलं. "झाला ना. मी बसली बाहेर," त्या सहज म्हणाल्या आणि मलाच पुन्हा यायचं आमंत्रण दिलं.

नदी सुंदर आहे, जरूर जा. मला मात्र फोटो कुणाला दाखवावेसे वाटत नाहीत. तोडली मी आणि खाल्लीही मीच, एवढंच त्या संध्याकाळी भूमियाला म्हणायला हवं होतं. अडाणी पाहुणी म्हणून त्याने मला सोडून दिलं असतं.