साखळीचं दुसरं टोक

दोन हजार सालानंतरची चार वर्षं मी जर्मनीत, डार्मश्टाटजवळच्या एका लहान गावात काढली. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी मोजमाप विभागात होतो. दिवसभर हातात मायक्रोमीटर आणि तोंडात 'गेनाऊ' नि 'आल्झो', म्हणजे 'अगदी बरोबर' नि 'तर मग'. शुक्रवारी चार वाजता सगळ्यांना सुट्टीच्या शुभेच्छा दिल्या की माझं त्या आठवड्याचं बोलणं संपायचं. सोमवारी पहिला शब्द उच्चारायच्या आधी घसा खाकरावा लागे. पुण्याला फोन करायचो. आई विचारायची, "जेवलास का?" मी हो म्हणायचो. पुढे दोघांनाही काही सुचायचं नाही.

अशाच एका शनिवारी दाराची घंटा वाजली. खालच्या मजल्यावरचे म्हातारबुवा उभे होते. सत्तरीचे, निवृत्त टर्नर, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. तोवर आमचा संवाद या आठवड्यात जिना कोण झाडणार, एवढ्यापुरताच होता.

"तुला दोन हात आहेत ना?" ते म्हणाले. "मग चल. एक माणूस कमी पडतोय."

गावाचा अमेरिकन फुटबॉलचा संघ होता. गावाबाहेरच्या छावणीतल्या अमेरिकन सैनिकांनी हा खेळ इथे रुजवला होता, आणि त्यांच्यातलेच काही आडदांड गडी संघात असल्यामुळे आजूबाजूच्या गावांना ही मंडळी वर्षानुवर्षं लोळवत आली होती. खेळ समजायला मला अर्धा तास लागला. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर आणखी चार प्रयत्न मिळतात. ते दहा यार्ड दाखवायला मैदानाच्या कडेला दोन उंच काठ्या, आणि त्यांच्यामध्ये बांधलेली साखळी. एक काठी म्हातारबुवांची, दुसरी त्या दिवसापासून माझी. सुट्टीच्या दिवशीही नशिबात मोजमापच.

पहिला मोसम मी नुसता धावलो. आमचा संघ दहा यार्ड घ्यायचा, पंच हात करायचा, आम्ही काठ्या उचलून पुढे पळायचो. काठ्या रोवतो न रोवतो तोच पुन्हा उचला. म्हातारबुवा स्वतःच्या गुडघ्यांच्या नावाने बोटं मोडत माझ्यापुढे पळायचे. सामना संपला की बाकावर बसून बटाट्याचं सॅलड खायचं. ते एकेक डाव पुन्हा रंगवून सांगायचे आणि मी 'या, या' म्हणजे 'हो, हो' करत माना डोलवायचो. मैदानावर सगळेच एकमेकांना अरे-तुरे करत. म्हातारबुवांशी मला ते कधी जमलं नाही. पण आठवडाभरातलं माझं खरं बोलणं त्या बाकावर व्हायचं, आणि मी शनिवारची वाट बघू लागलो होतो.

तिसऱ्या वर्षी छावणी रिकामी होत चालली. अमेरिकन गडी एकेक करून मायदेशी गेले. बाकांवर वाद सुरू झाला: संघ उतरणीला लागला की नाही? लागला म्हणणाऱ्याला लगेच जिंकलेले सामने ऐकवले जायचे. मला गुणतक्ता बघायची गरज नव्हती. धावणं पूर्वीइतकंच होतं, पण आता दहा यार्ड समोरचे घ्यायचे, आणि आम्ही काठ्या घेऊन आमच्याच गोलरेषेच्या दिशेने पळायचो. जिंकलेल्या सामन्यांतसुद्धा.

त्या मोसमाच्या शेवटच्या शनिवारी म्हातारबुवांनी सॅलडची ताटली बाजूला ठेवली.

"म्युनिकला माझ्या मुलीकडची एक खोली रिकामी झालीय. ये म्हणते. संघ संपला असेल तर मी जातो. त्याचं मातेरं झालेलं मला बघायचं नाही. वर्षभरात सावरणार असेल तर थांबतो. तू मोजणारा माणूस आहेस. सरळ सांग."

कारखान्यात केसभर फरकासाठी मी अख्खा खोका परत पाठवत असे. संघ संपला होता, यात मला तसूभर शंका नव्हती. पण म्हातारबुवा गेले तर माझ्या शनिवारात काय उरणार, हेही मला पुरतं ठाऊक होतं.

"एक मोसम वाईट गेला, इतकंच," मी म्हणालो. "पुढच्या वर्षी सावरेल."

त्यांनी बाजूला ठेवलेली ताटली पुन्हा उचलली. मग "गेनाऊ" म्हणाले आणि उरलेलं सॅलड माझ्या ताटलीत लोटलं. मुलीने ती खोली भाड्याने देऊन टाकली. त्या हिवाळ्यात जिन्यात त्यांचा खोकला ऐकू आला की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. हा माणूस लेकीकडे, नातवंडांत असायला हवा होता, आणि मी त्याला माझ्यासाठी इथे थोपवून धरलं होतं.

पुढच्या वर्षी संघ सपाटून हरला. घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्याला खेळाडूंचे आईबाप तेवढे आले होते. पावसाची भुरभुर होती. म्हातारबुवा आता पळत नव्हते, काठीच्याच आधाराने चालत होते. साखळीला हिसका बसू नये म्हणून मीही सावकाश चालत होतो. आमच्या संघाच्या चौथ्या प्रयत्नानंतर पंचाने मोजायला आत बोलावलं. आम्ही साखळी ताणून धरली. चेंडू वीतभर अलीकडे होता. प्रयत्न संपले, चेंडू समोरच्यांकडे गेला. आम्ही कडेला परतलो आणि मला राहवेना.

"गेल्या वर्षी मी तुमच्याशी खोटं बोललो," मी म्हणालो. "संघ संपलाय, हे मला तेव्हाच कळलं होतं. मला इथे एकटं राहायचं नव्हतं."

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"साखळीच्या दुसऱ्या टोकाला कोण होतं?" ते म्हणाले. "मीही तुझ्याबरोबर उलटाच पळत होतो ना? संघाचं मला माहीत होतं. मी थांबावं असं इथे कुणाला वाटतं का, ते मला विचारायचं होतं. ते तसं विचारता येईना."

तेवढ्यात शिट्टी झाली. समोरच्यांनी दहा यार्ड घेतले होते.

"उचल," ते म्हणाले.

आम्ही काठ्या उचलल्या आणि आमच्या गोलरेषेकडे चालू लागलो.