कपाटातला भुंगेरा

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत लोणावळ्याला अमेरिकेहून आलेल्या लष्करी सामानाची रिकामी खोकी विकायला निघत. माझा थोरला भाऊ तिथं सुतारकाम करायचा. त्या पांढऱ्या, हलक्या फळ्यांचं एक देखणं कपाट त्यानं मला करून दिलं. टाकव्याला, माझ्या सासरी. सासरे गावचे सुतार. नांगर, गाड्या करण्यात त्यांची हयात गेली. पण आता बायाबापड्या कपाट बघायला येत आणि सासऱ्यांच्या कपाळाला आठी पडे.

पुढच्या उन्हाळ्यात कपाटाच्या दाराला एक भोक पडलं आणि त्यातून भुंगेरा निघाला. गव्हाच्या दाण्याएवढा, तपकिरी. मिशा मात्र अंगाहून लांब. मी त्याला तळहातावर चालू दिलं. सासऱ्यांनी ते पाहिलं आणि अंगण डोक्यावर घेतलं. "किडकं लाकूड गळ्यात मारलं! आता आमचं आढं खाणार ह्यो!"

भावाला बोलावणं गेलं. तो आला, भुंगेरा काडेपेटीत घालून घेऊन गेला. लोणावळ्यात एक म्हातारे प्राध्यापक राहत, किड्यांचा अभ्यास करणारे. त्यांना दाखवून तो परत आला.

"आबा, ह्यो अमेरिकेतलाच हाय," तो सासऱ्यांना शांतपणे म्हणाला. "लय कमी लोकांनी बघितलेली जात. त्यास्नी बी नाव धुंडाळावं लागलं. झाड सालीसकट व्हतं तवाच अळी आत शिरली. साल न्हाई तितं ह्यो अंडी घालत न्हाई. तुमच्या सागाच्या आढ्याला भ्या न्हाई."

"मला लाकूड शिकवतोस व्हय रं?" सासरे कडाडले आणि लाकूड तासायचा वाकस घेऊन कपाटावर तुटून पडले. फुटलेल्या कपाटातली माझी लुगडी ओसरीवरून अंगणात मातीत पडली.

माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला. पदर खोचून मी पुढं झाले. "मामंजी, तुमाला किड्याचं भ्या न्हाई. दुसऱ्याच्या हातचं चांगलं काम तुमाला बघवत न्हाई!"

नवरा खांबाला टेकून उभा होता. तो तिथून हलला नाही. मी लुगडी गोळा केली आणि भावाबरोबर निघाले.

दिवाळीच्या सुमारास नवरा मला न्यायला आला. मी गेले नाही. शेवटी त्यानंच लोणावळ्यात काम धरलं, आम्ही तिथंच बिऱ्हाड केलं. संसार झाला, मुलं झाली. सासऱ्यांचा राग मला कळतो. त्यांचा मान दुखावला होता. पण खांबाला टेकून उभा राहिलेला तो माणूस आठवला की आजही माझ्या हातातलं भांडं आपटतं.